रॅम वाढवली आणि पीसी फाटकन बंद पडायला लागला

या महिन्यात रॅमवरचीच पत्रं इतकी आलीत की अख्खं सदर त्यालाच देतेय. २०२५ च्या शेवटाकडे नव्या रॅमचे भाव भडकले, मग बऱ्याच जणांनी कुणाच्या तरी जुन्या पीसीतून काढलेली स्टिक घेतली, घरीच बसवली आणि त्यानंतर पीसी बंद पडायला लागला. पहिलं पत्र सविस्तर घेतेय, कारण त्यात जे झालं ते खूप जणांकडे होतं आणि त्यात लोकांचे पैसे फुकट जातात.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा बार्शीत फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम आम्ही स्वतः डिझाइन करतो. पीसी २०१९ ला असेंबल केलेला, आय५ ९४००एफ, जीटीएक्स १६५० कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा), मदरबोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट. ८ जीबी डीडीआर४ होती. १२ बाय ३६ च्या शीट फोटोशॉपमध्ये उघडल्या की मशीन लटकायचं म्हणून १६ जीबीची स्टिक आणून मीच दुसऱ्या स्लॉटला बसवली. २४ जीबी दिसते, कामही भराभर होतं. पण तिसऱ्या दिवसापासून पीसी मधेच बंद पडतो. कधी एक्सपोर्ट लावल्यावर, कधी नुसता बसून असताना. ब्लू स्क्रीन नाही, काही मेसेज नाही. एक दुकानदार म्हणाले विंडोज पुन्हा टाका, दुसरे म्हणाले एसएमपीएस गेला, भाचा म्हणतो रॅम डुप्लिकेट आहे. सीझन तोंडावर आलाय, काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, तुमचं पत्र आलं तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नाही, उलट तुम्हालाच चार प्रश्न पाठवले, कारण "बंद पडतो" एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर जसं थंडी वाजते का, खोकला आहे का विचारतात तसंच हे आहे. बंद पडण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी.

पहिली तऱ्हा, पीसी स्वतःहून रिस्टार्ट होतो. म्हणजे पंखे फिरतच असतात, स्क्रीन काळी होते आणि परत विंडोजचा लोगो येतो. खराब रॅम बहुतेक वेळा असाच त्रास देते. खरं तर त्या वेळी ब्लू स्क्रीन आलेली असते पण विंडोजमध्ये "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" हे आधीपासून चालू असतं त्यामुळे ती डोळ्याला दिसायच्या आत जाते. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती टिक काढा, मग पुढच्या वेळी ब्लू स्क्रीन थांबून राहील आणि तिच्यावरचं नाव मोबाइलवर फोटो काढून ठेवता येईल. मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया असली नावं परत परत आणि दर वेळी वेगवेगळी यायला लागली की रॅमवर संशय घ्यायला जागा आहे.

दुसरी तऱ्हा, पीसी गोठतो. माऊस हलत नाही, गाणं चालू असेल तर एकाच सुरावर अडकतं, बटण दाबून धरून बंद करावा लागतो. यातही रॅम असू शकते, ग्राफिक्स कार्ड असू शकतं, हार्ड डिस्कही असू शकते.

तिसरी तऱ्हा म्हणजे दिवा, पंखे, कीबोर्डचा लाइट सगळं एका क्षणात विझतं, जसं कुणी प्लग उपटला. हे रॅमच्या स्टिकमुळे क्वचित होतं. रॅममधला एखादा बिट चुकला तर प्रोग्रॅम चुकतो, विंडोज कोसळतं, फाइल खराब होते, पण त्यामुळे एसएमपीएसने वीज देणं थांबवावं असं काही नसतं. सगळं एकदम विझलं की बघायचं वीज कुठे तुटतेय, प्रोसेसर तापतोय का आणि कॅबिनेटचं बटण अडकतंय का.

तुमचं उत्तर आलं ते असं. सगळं एकदम विझतं, पण यूपीएस चालू राहतो आणि मॉनिटरवर "नो सिग्नल" येतं. म्हणजे भिंतीतली वीज आणि यूपीएस दोन्ही ठीक, गडबड कॅबिनेटच्या आत आहे.

मग मी इव्हेंट व्ह्यूअर बघायला सांगितलं होतं. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करायचं, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडायचं आणि जिथे लाल खूण करून कर्नल-पॉवर ४१ लिहिलेलं असतं तिथे जायचं. इथे खूप लोक चुकतात. ४१ दिसलं की नेटवर शोधतात आणि कुणीतरी सांगतं पॉवर सप्लाय बदला. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी नीट शटडाउन झाला नाही, कारण त्यात नसतं. कारणाचा थोडा माग डिटेल्स टॅबमध्ये लागतो. तिथे बगचेककोड म्हणून आकडा असतो. तो शून्य नसेल तर विंडोज कोसळलं होतं, म्हणजे पहिल्या तऱ्हेचा आजार (२६, ८०, १० असे आकडे मेमरीच्या तक्रारीत बऱ्याचदा दिसतात, २९२ आला तर प्रोसेसर किंवा बोर्डाकडून हार्डवेअरची तक्रार आहे असं समजा). शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. त्याच यादीत पॉवरबटणटाइमस्टॅम्प असतं, ते शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं किंवा बटण आत अडकून राहतंय. तुमचे दोन्ही आकडे शून्य निघाले.

प्रोसेसरचं तापमान तुम्ही एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरवर बघितलंत, एक्सपोर्ट चालू असताना ६८ डिग्री. त्या प्रोसेसरची मर्यादा १०० ची आहे आणि तिथे पोचला तरी तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून तुमच्याकडे ताप नाही. तरी इतरांसाठी सांगते. इंटेलच्या डब्यात येणारा कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बोर्डाला बसलेला असतो आणि रॅम दाबताना बोर्ड वाकतो, हाताचं कोपर पंख्याला लागतं, आणि चारातली एखादी खुंटी सटकते. वरून बघितलं तर सगळं जागेवर दिसतं पण कूलर एका बाजूने उचललेला असतो, पंखा जोरात फिरतो आणि पीसी थोड्या वेळात बंद. रॅम बसवल्यावर चारही खुंट्यांना बोट लावून बघायला पाच सेकंद लागतात.

चौथं मी विचारलं होतं की नवी स्टिक काढून ठेवली तर काय होतं. तुम्ही लिहिलंत दोन दिवस ठीक चालला आणि तिसऱ्या दिवशी परत बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं होतं. नवी स्टिक कपाटात ठेवलेली असतानाही पीसी बंद पडतोय म्हणजे स्टिकचा गुन्हा नाही. शिवाय तुम्ही रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवून चारही पास, म्हणजे तपासणीच्या फेऱ्या, शून्य एररने पूर्ण केलेत, दोन्ही स्टिक बोर्डावर असताना. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीत की कॅबिनेट टेबलाखाली असतो, पाय लागला तेव्हा दोनदा बंद झाला. दादा, ती ओळ वाचून मी तुम्हाला लगेच फोन केला.

रॅमच्या स्लॉटच्या अगदी शेजारी, बोर्डाच्या उजव्या कडेला एसएमपीएसची २४ पिनची जाड वायर बसलेली असते. रॅम लावायला हात आत घातला की मनगट त्याच वायरच्या जुडग्यावर येतं. पाच-सहा वर्षं एका जागी बसलेला तो कनेक्टर एका बाजूने जरा वर उचलला जातो, त्याचं प्लास्टिकचं लॉक सुटतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही कारण पीसी चालू होतो. त्यात एक हिरवी वायर असते, बोर्ड ती ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरींना, जोडून ठेवतो तोपर्यंत एसएमपीएस चालू राहतो. तिचा संपर्क क्षणभर जरी तुटला तरी एसएमपीएस बंद. पाय लागला, टेबल हललं, संपला विषय.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. जीटीएक्स १६५० ची वीज ७५ वॉटपर्यंत जाते आणि तुमच्या कार्डाला वेगळी वायर नाही असं तुम्ही फोनवर सांगितलंत, म्हणजे ती सगळी वीज स्लॉटमधून, म्हणजे बोर्डातून, म्हणजे त्याच २४ पिनमधून येते. त्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरी फक्त दोन. एक्सपोर्टला फोटोशॉपने कार्ड कामाला लावलं की पाच-सहा अँपिअर त्या दोन पिनांतून जातात. पिन ढिली असेल तर तिथे रोध वाढतो, रोधामुळे ती तापते, तापल्याने पितळी पानाचा ताण जातो आणि ती आणखी ढिली होते. म्हणून मी सांगितलं की वायर नुसती दाबून बसवू नका, आधी पूर्ण काढून बघा. तुम्ही फोटो पाठवला त्यात एका पिवळ्या वायरीभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं होतं.

असं दिसलं की ती वायर परत वापरायची नाही. तुमच्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या होत नाहीत म्हणून एसएमपीएस बदलावा लागला, म्हणजे दुसऱ्या दुकानदारांचा उपाय शेवटी बरोबर ठरला पण कारण वेगळं होतं, आणि कारण न बघता नवा एसएमपीएस तसाच अर्धवट दाबून बसवला असता तर परत तेच झालं असतं. बोर्डाच्या बाजूच्या पिना तुम्ही भिंगाने बघितल्या, स्वच्छ होत्या, हे नशीब. त्या काळ्या पडल्या असत्या तर बोर्डही दुरुस्तीला द्यावा लागला असता. आता तीन आठवडे पीसी एकदाही बंद पडलेला नाही आणि २४ जीबी तशीच चालू आहे हे तुमचं शेवटचं पत्र वाचून मला खरंच फार बरं वाटलं. ८ आणि १६ च्या जोडीबद्दल विचारलंत, ती चालते, दोन्हीकडचे आठ-आठ मिळून १६ जीबी जोडीने वेगात चालतात आणि उरलेली ८ एकेरी. नवी स्टिक ३२०० च्या वेगाची असली तरी तुमचा प्रोसेसर २६६६ च्या वर जात नाही, त्यामुळे ती २६६६ वर दिसेल, त्यात बिघाड काही नाही.

आणि विंडोज पुन्हा टाका हा जो पहिला सल्ला होता त्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. पीसी बंद का पडतो हे कळायच्या आधी विंडोज टाकू नका. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एका किराणा दुकानाचा पीसी आला होता, हँग होतो म्हणून. मी रॅम न तपासता त्यांच्या हिशोबाच्या फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केल्या, डिस्क फॉरमॅट केली, विंडोज टाकलं. रॅमची एक स्टिक खराब होती. कॉपी होताना फाइल तिच्यातून गेल्या आणि त्यातल्या दोन उघडल्याच नाहीत, मूळ तर मीच पुसलेल्या. त्या काकांनी चार महिन्यांची बिलं परत बसून भरली, मला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणारं प्रत्येक मशीन आधी मेमटेस्टला लागतं, मग बाकीचं. डेटा हलवायचा असेल तर डिस्क काढून दुसऱ्या, चांगल्या पीसीला लावून हलवते.

मेमटेस्टबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस, दोन्ही फुकट मिळतात, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून पीसी सुरू करायचा. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिकही आहे पण ते बऱ्याचदा खराब स्टिकलाही पास करतं. कमीत कमी चार पास होऊ द्या, रॅम १६ जीबीच्या वर असेल तर अख्खी रात्र लागू शकते. एक जरी एरर आली तरी ती एरर आहे, "एकच आहे, चालेल" असं नसतं. एरर आली की एक-एक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून बघा, मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. स्टिकबरोबर एरर फिरली तर स्टिक, स्लॉटलाच चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसरच्या पिना. गूगलच्या सर्व्हरवर झालेला एक अभ्यास २००९ साली आला होता, त्यात वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनमध्ये रॅमची निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. सर्व्हरच्या रॅममध्ये अशी चूक पकडून दुरुस्त करायची सोय असते. आपल्या घरच्या पीसीत ती नसते, चूक होते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

प्रश्न : माझा गेमिंगचा पीसी, रायझन ५ ५६००. ८-८ च्या दोन स्टिक ३६०० च्या वेगावर एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं तयार सेटिंग) लावून वर्षभर मस्त चालल्या. आता त्याच कंपनीच्या, त्याच नंबरच्या अजून दोन घेतल्या. गेम लावला की पंधरा मिनिटांत रिस्टार्ट. नव्या दोन एकट्या लावल्या तर चालतात, जुन्या दोन एकट्याही चालतात. मग खराब कोण?
— कॉलेजचा विद्यार्थी, अकोला

उत्तर : कुणीच नाही रे. तुझी तपासणी एकदम बरोबर आहे आणि तिच्यातच उत्तर आहे. चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ओझं वाढतं. तुझ्या प्रोसेसरला कंपनीने ३२०० सांगितलंय ते दोन स्टिकसाठी, चार स्टिक लावल्या की तोच आकडा २९३३ वर येतो, आणि स्टिक ड्युअल रँक (एकाच स्टिकवर चिपचे दोन गट) असतील तर २६६६ वर. ३६०० हे दोन स्टिकवर जमलं होतं, चारवर जमेलच असं कुणी कबूल केलेलं नाही. शिवाय डब्यावरचा नंबर तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, कंपन्या मधे चिप बदलतात, म्हणूनच चार हव्या असतील तर चारचा एकच संच घ्यावा.

बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी बंद कर (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात), एक दिवस तसाच खेळ. रिस्टार्ट थांबला तर हळूहळू वर चढ, आधी २९३३, मग ३२००, प्रत्येक पायरीला मेमटेस्ट. मी तुझ्या जागी ३२०० वर थांबेन. एक्सएमपीत रॅमला १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट जातात आणि अकोल्याच्या मे महिन्यात खोलीतच ४० च्या पुढे असतं, तेव्हा चार स्टिक चिकटून उभ्या असताना डिसेंबरात टिकलेलं सेटिंग उन्हाळ्यात टिकेल असं धरू नको. कॅबिनेटची जाळी ब्लोअरने साफ कर आणि पुढच्या पंख्याची हवा रॅमवर जाते का बघ.

प्रश्न : मालवणात समुद्रापासून जवळ घर आहे. जुना डीडीआर३ पीसी, मुलाने ४ जीबीची अजून एक रॅम लावली. आता कधी चालू होतो, कधी नुसता बीप बीप करत बसतो, चालू झाला तर तासाभरात गोठतो. पावसाळ्यात जास्त.
— एक गृहिणी, मालवण

उत्तर : ताई, पावसाळ्यात जास्त हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. खाऱ्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या पिनांवर पातळ थर बसतो. मेन प्लग काढा, कॅबिनेटचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा आणि दोन्ही स्टिक काढा. सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या मऊ खोडरबराने एकाच दिशेने हळू पुसा. शाई खोडायचं खरबरीत रबर, पॉलिश पेपर, चाकू यातलं काही नको, सोन्याचा थर फार पातळ असतो आणि एकदा घासला गेला की स्टिक दर पावसाळ्यात त्रास देणार. रबराचा भुसा स्लॉटजवळ झटकू नका, बाहेर झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्याने शेवटचा हात फिरवा. स्लॉट मऊ, कोरड्या ब्रशने साफ करा, फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते.

परत बसवताना स्टिकची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही टोकं दाबा, टक असा आवाज दोन्ही बाजूंनी यायला हवा. निम्म्या तक्रारी एकाच बाजूचा टक आला म्हणून असतात. आणि नवी ४ जीबी कुठून घेतली ते बघा. डीडीआर३ च्या फार स्वस्त स्टिक मिळतात ज्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात, इंटेलच्या बोर्डवर बीप देतात. साफ करूनही ती एकटी लावल्यावर चालत नसेल तर परत करा. पीसी रोज अर्धा तास तरी चालू ठेवत जा, आतली ऊब दमटपणा बसू देत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, पुण्यात असतो. दुकानातून ३२०० ची रॅम बसवून घेतली. नातवाने सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाकून दाखवलं तर १६०० दिसतात. मी फसवला गेलो का? आणि पीसी झोपेतून उठतच नाही, त्याचा याच्याशी संबंध आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सर, फसवणूक नाही, निश्चिंत राहा. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा. सीपीयू-झेड ठोके मोजतं, दुकानदार डेटा मोजून सांगतो, १६०० दुणे ३२००. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या टॅबला मेमरीवर क्लिक केलंत तर तिथे ३२०० च दिसेल.

झोपेतून न उठण्याचा संबंध असू शकतो. पीसी स्लीपमध्ये असताना बाकी सगळं बंद होतं, फक्त रॅम जागी ठेवली जाते, आणि उठताना ती परत वेगाला आणावी लागते. सेटिंग जरा काठावर असेल तर नेमकं तिथे फसतं. एक्सएमपी बंद करून दोन दिवस बघा. तरी उठत नसेल तर बोर्डाचं बायोस अपडेट दुकानात करून घ्या, पण वीज जाणार नाही अशा वेळी, यूपीएसवर.

प्रश्न : संध्याकाळी सातच्या सुमारास पाण्याची मोटर लावली की पीसी बंद पडतो. रॅम वाढवल्यापासून सुरू झालंय. ६०० व्हीएचा यूपीएस आहे.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : काका, रॅमची एक स्टिक फार तर तीन-चार वॉट घेते, तिच्याने यूपीएस दमत नाही. मोटर सुरू होताना व्होल्टेज एकदम खाली जातं, त्या क्षणी यूपीएस बॅटरीवर जातो आणि बॅटरी म्हातारी झाली असेल तर तिथेच मान टाकते. तुमचा यूपीएस किती वर्षांचा ते लिहिलेलं नाही, दोन-तीन वर्षांवर असेल तर संशय बॅटरीवरच घ्या. खात्री करायची तर सगळी कामं सेव्ह करून पीसी चालू ठेवा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. पाच मिनिटंही तगला नाही तर बॅटरी बदला, रॅमला हात लावायची गरज नाही. ६०० व्हीएचे वॉट साधारण ३६० होतात, तुमच्या पीसीला पुरतात, फक्त प्रिंटर त्याच्यावर लावला असेल तर काढा, लेझर प्रिंटर तर अजिबात नको.

एवढ्यात इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंगही तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज एक-दोनच्या आसपास असावं, पंधरा-वीस दाखवत असेल तर आधी अर्थिंग करून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि एसएमपीएस बंद असला तरी त्याचं झाकण घरी उघडायचं नाही, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या पुढे धरून असू शकतात.

प्रश्न : नवा डीडीआर५ चा पीसी, आज दोन स्टिक बदलल्या. बटण दाबलं, पंखे फिरतात, स्क्रीन काळी. तीनदा बंद करून चालू केला, तेच. बोर्ड गेला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुतेक नाही. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा बोर्ड नव्या स्टिकशी जुळवून घेतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि डीडीआर५ वर त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. तुम्ही दर वेळी मधेच बंद करताय म्हणून तो दर वेळी पहिल्यापासून सुरू करतोय. दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना बघा, चालू करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. तरी काळीच राहिली तर एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून परत तेवढंच थांबा. बोर्डावर डीरॅम लिहिलेला छोटा दिवा असेल तर तो पेटून राहतो की विझतो तेही बघून मला कळवा, पुढच्या अंकात तुमचंच पत्र आधी घेते.